डाव्या बुटाचं नाक

लेन : तीन ताटं कशाला मांडलीस?

ग्लेनिस : रविवार आहे म्हणून.

लेन : तो आज यायचा नाही.

ग्लेनिस : दोन वर्षांत केल्विननं माझा एक रविवार चुकवलेला नाही. घशाला सूज होती तेव्हासुद्धा येऊन बसला, नुसता रस्सा प्यायला. आज न यायला काय झालं?

लेन : काल मैदानावर काय झालं ते बघितलंस ना? का स्टँडमध्ये डुलक्या काढत होतीस?

ग्लेनिस : सगळं बघितलं. पोरानं दोन गोल मारले. तिसरा मारला, बॉल सरळ जाळ्यात चालला होता, गोलकीपर चिखलात लोळत होता. आणि माझ्या नवऱ्यानं गोलरेषेवर जाऊन त्याला पाय लावला. तू ऑफसाइडला उभा, तिथून बॉलला शिवायचंसुद्धा नाही. लाइन्समनचा झेंडा वर, गोल रद्द. जिंकलेली मॅच दोन-दोन.

लेन : सवय आहे ती, ग्लेनिस. पंधरा वर्षं मी गोलच्या तोंडाशी उभा राहतोय. बॉल समोरून गेला की पाय आपोआप पुढे होतो. तो डोक्याला विचारत बसत नाही.

ग्लेनिस : हे तू मॅनेजरला सांगितलंस, मग बारमध्ये सगळ्यांना सांगितलंस, आज सकाळी दूधवाल्यालाही थांबवून सांगितलंस. त्या बिचाऱ्यानं फक्त किती बाटल्या ठेवू एवढंच विचारलं होतं.

लेन : त्यानं ते नाही विचारलं. त्यानं विचारलं, "केल्विनला फार लागलं का हो मनाला?" केल्विनला! काल खाटकाकडे गेलो तर तोही तेच. "केल्विन काय खातो हो? आमच्याकडचं घेतो का?" पंधरा वर्षं मी त्या माणसाकडून मटण घेतोय. मी काय खातो हे त्यानं एकदा तरी विचारलं का?

ग्लेनिस : तू काय खातोस ते तोच तर बांधून देतो. विचारायचं काय त्यात?

लेन : तुला चेष्टा सुचतेय.

ग्लेनिस : मला काहीच सुचत नाहीये, लेन. दोन वाजता वॉल्टरचा फोन येणार आहे आणि तू अजून मला सांगितलं नाहीस, त्याला काय सांगणार ते.

लेन : खरं तेच सांगेन.

ग्लेनिस : कुठलं खरं?

लेन : वॉल्टर पहिल्या डिव्हिजनच्या क्लबसाठी पोरं हेरतो. काल खास केल्विनला बघायला आला होता. मॅचनंतर म्हणाला, "लेन, पायात जादू आहे, ते मला दिसतं. स्वभाव दिसत नाही. दुसरा माणूस मोकळा असताना स्वतःच गोलवर मारत सुटणारा आहे, की विचार करून त्याला बॉल देतो? तू शेजारी खेळतोस. तू म्हणशील तसं मी लिहीन." बस. मी सांगेन, पोरगा गुणी आहे, पण एक वर्ष थांबा. अजून कच्चा आहे.

ग्लेनिस : कच्चा? पंचवीस मॅचमध्ये एकोणीस गोल?

लेन : चौथ्या डिव्हिजनमध्ये, ग्लेनिस! इथले बचाववाले सकाळी गिरणीत जातात आणि दुपारी मॅचला येतात.

ग्लेनिस : मग तुझे एकशे बेचाळीस गोल कुठल्या डिव्हिजनमध्ये झाले?

लेन : ते तिसरं ताट उचल आधी.

ग्लेनिस : चुकले मी. तसं म्हणायचं नव्हतं.

लेन : म्हणायचंच होतं. म्हण. मीही एकवीस वर्षांचा होतो. मलाही बघायला असाच एक कोट घातलेला माणूस आला होता. हात मिळवला, म्हणाला, "फोन करतो." आमच्या घरी फोन नव्हता. समोरच्या पबचा नंबर दिला होता त्याला. चार महिने, तिथली घंटा वाजली की मी जेवणावरून उठून रस्ता ओलांडायचो. पबवाला दारातूनच मान हलवायचा.

ग्लेनिस : माहीत आहे मला. लग्न ठरलं होतं आपलं.

लेन : आणि हा! हा काल आला. दोन वर्षांपूर्वी शिकाऊ पोर म्हणून माझे बूट घासत होता. आता शेड एंडच्या स्टँडमधले लोक त्याच्या नावानं गाणं म्हणतात. माझ्या नावाचं गाणं होतं, त्याच चालीत याचं नाव घातलंय त्यांनी. नवी चाल शोधायचेही कष्ट घेतले नाहीत.

(दारावरची घंटा वाजते.)

ग्लेनिस : आला. तोंड नीट कर. ये रे राजा, ये. पाय पूस, बाहेर चिखल आहे. बस.

केल्विन : नमस्कार, मिसेस हिंडल. लेन.

लेन : बस ना. उभा का?

केल्विन : जेवायला नाही आलो आज. एक विचारायचं होतं, विचारून जातो.

ग्लेनिस : जेवून विचार. भाजलेलं मटण निवून जाईल.

केल्विन : नको. मग विचारता यायचं नाही मला.

लेन : कालचं ना? हे बघ केल्विन, मी बारमध्ये सगळ्यांसमोर तुझी माफी मागितली. सवय आहे ती. स्ट्रायकरचा पाय असतो...

केल्विन : उजवा.

लेन : काय?

केल्विन : तुमचा पाय उजवा असतो. तुमचे बूट मी दोन सीझन साफ केलेत, लेन. दर सोमवारी. उजव्या बुटाचं नाक प्रत्येक वेळी सोललेलं असायचं. मी त्याला दोन-दोन हात पॉलिश लावायचो आणि शनिवारी पुन्हा तेच. डाव्याचं नाक दोन वर्षं कोरंच. नुसता चिखल पुसला की झालं. मी आणि बाकीची पोरं हसायचो, म्हणायचो लेनचा डावा बूट विकता येईल, नवा म्हणून.

ग्लेनिस : केल्विन...

केल्विन : डावीकडून बॉल आला की तुम्ही तो सोडून देता. नेहमी. मी ते बघूनच शिकलो. मागून येणाऱ्यासाठी सोडायचा. काल माझा शॉट तुमच्या डावीकडून चालला होता. आणि तुम्ही डावा पाय घातला. मी रात्रभर... नाही, म्हणजे सकाळपासून तोच विचार करतोय. सवय म्हणता, तर ती सवय मला कशी माहीत नाही?

लेन : तुला वाटतं मी मुद्दाम केलं?

केल्विन : मला तसं वाटायला नकोय. म्हणून तर विचारायला आलो. तुम्ही नाही म्हणालात तर मी जेवायला बसतो.

ग्लेनिस : लेन, पोरगा उभा आहे.

लेन : दिसतोय मला.

ग्लेनिस : आणि तो वाजतोय फोन. पाच मिनिटं आधीच. जा घे.

केल्विन : मी निघतो, तुमचा फोन...

लेन : थांब तिथंच. हलू नकोस. हॅलो? हो, वॉल्टर, लेनच बोलतोय. नाही, नाही, जेवण झालं नाही अजून. बोल. हो. केल्विन अॅस्टली. स्वभाव... वॉल्टर, आधी लिहायला पेन घे. घेतलंस? कालचे त्याचे गोल तीन लिही, दोन नाही. हो, रद्द झाला, मला माहीत आहे, मीच रद्द केला. पाय चुकून नाही गेला. मी लाइन्समनकडे बघितलं, मला कळलं मी ऑफसाइड आहे, बॉल आत जातोय, कुणी पाय लावायची गरज नाही. आणि मग लावला. का? तुला का सांगू? ...जळलो, वॉल्टर. तू वरती कोट घालून बसला होतास आणि वही काढलीस, ती मला खालून दिसली. मला वाटलं, हा गोल या वहीत जाता कामा नये. हो, स्वतःच्या टीमच्या विरुद्ध. हो, सांगेन मी मॅनेजरलाही, उद्या सांगेन. तुला त्याच्याबद्दल विचारायचं होतं ना? मोकळ्या माणसाला बॉल देतो का? या सीझनमधल्या माझ्या अकरा गोलांपैकी आठ त्यानं दिलेत. स्वतः मारू शकला असता, तरी दिले. नाही, कच्चा नाही. मी तसं म्हणणार होतो. नाही. उशीर करू नकोस, आणि त्याला फोन करतो म्हणून टांगून ठेवू नकोस. काय ते आत्ता सांग. ...बरं. बुधवारी. सांगतो मी.

ग्लेनिस : काय म्हणाला?

लेन : बुधवारी सकाळी याला तिकडे बोलावलंय. करार करूनच परत पाठवणार म्हणाला.

केल्विन : लेन, मी खूप चिडून आलो होतो.

लेन : मग चीड. चिडायलाच पाहिजेस. जिंकलेली मॅच घालवली मी तुझी.

केल्विन : चिडलोच आहे.

लेन : बरं आहे ते. बुधवारपर्यंत टिकव.

ग्लेनिस : आता तरी बसा दोघं.

केल्विन : बसतो, मिसेस हिंडल. लेन, मी तिकडे खरंच टीममध्ये आलो ना, तर मी तिकिटं पाठवीन. प्रत्येक मॅचची. तुम्हा दोघांसाठी.

लेन : मी येणार नाही.

केल्विन : का?

लेन : बघवणार नाही मला, पोरा. पण पाठवत जा.