फ्रिडोलिनचं कोपर

—नाही नाही, तिथं नको, तिथं अंधार आहे, इकडे खिडकीपाशी बस, स्टुलावर, तोंड माझ्याकडे कर — आणि तो मफलर काढ आधी, नाकापर्यंत काय गुंडाळून बसलीस, शेगडी पेटलेली दिसत नाही का? हां. असं. आता बोल. नसेल बोलायचं तर नको बोलूस, बापासारखीच तू, रेगुला. तुझा बाप फ्रिडोलिन आमच्या ड्रम-बासरीच्या मंडळाच्या रांगेत चाळीस वर्षं माझ्या उजव्या अंगाला चालला, आणि चाळीस वर्षांत जेवढं बोलला तेवढं माझी बायको एका दुपारी बोलायची. कॉफी? सकाळची आहे. नको? बरं झालं, कडू जहर झालीये.

तर तुझा ड्रम. झालाय. तो काय, पोत्याखाली ठेवलाय. थांब — हात लावू नकोस, आधी ऐक. वसंतात आणलास तेव्हा मी काय म्हणालो होतो? भंगार. तुझ्या तोंडावर म्हणालो. जानेवारीत बाप गेला, बर्फ वितळल्यावर तू माळा उपसलास, त्यात हा निघाला — हिरवागार, खिडक्यांच्या झडपांना फासतात तो हिरवा, थरावर थर. वरचं कातडं उंदरांनी कुरतडलेलं, खालच्या ताती तुटून लोंबतायत, दोरी कुजलेली. मी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणालो, डबा आहे, कारखान्यातला, कचऱ्यात दे. सर्दी झाली होती मला तेव्हा. सर्दीत माणसाला काही — असो. पूर्वी नुसतं टकटक केलं की सांगायचो, हा कुणाच्या हातचा, कुठल्या गल्लीतला, वाजवणारा दारुडा होता की नव्हता ते पण.

मग तू गेल्यावर रंग खरवडला. का? भंगार तर भंगार, पण फ्रिडोलिनच्या घरचं भंगार. पितळेला लोखंडी पातं लावायचं नाही, लक्षात ठेव, जो लावील त्याचे हात झडोत — साबणाचं कोमट पाणी आणि लाकडाची पट्टी, बस. हिरव्याच्या खाली पितळ निघालं. पितळेला उभा सांधा, आणि सांध्याला दात — दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत ना, तसे, झाळून, ठोकून सपाट केलेले. तिथंच मी खाली बसलो. असे दात अख्ख्या बाझेलात एकच माणूस पाडायचा, म्हातारा झुरबुखन — माझा मालक, शाळा सोडून ज्याच्याकडे मी झाडू मारायला लागलो तो. बाकीचे आपले कडेवर कड चढवायचे आणि झाळून मोकळे. तरी म्हटलं, उगाच नाचू नकोस म्हाताऱ्या, हवेचं भोक बघ. बघितलं. भोकाभोवती फुलाची कडी, आणि फुलाची एक पाकळी चेपलेली. झुरबुखनच्या छिन्नीचा कोपरा उडाला होता, आणि नवी घ्यायला जीव जायचा मेल्याचा. मरेपर्यंत प्रत्येक ड्रमला तीच चेपकी पाकळी. आम्ही पोरं हसायचो त्यावर. म्हणजे हा तुझ्या आजोबानं घेतलेला. लढाईत सरकारी माणूस पितळ मागायला येईल म्हणून भ्याला असणार, झडपांचा उरलेला रंग फासला. आलं कुणीच नाही. मग रंग काढायचा कंटाळा — तो तुमच्या घराण्यात आहेच.

आणि मी त्याला डबा म्हणालो. माझ्या स्वतःच्या मालकाच्या हातचा ड्रम, कानाशी धरून, डबा. सर्दी! कसली सर्दी.

जाऊ दे. बघ आता — काढ पोतं. काढ. लखलखीत नाही केला, मुद्दामच; बाजारातल्यासारखं चकाकवायचं असेल तर पातेली आहेत घरात. इथं बोट फिरव, या बाजूला — पातळ लागतंय? आजोबाच्या मांडीवर घासून घासून झिजलंय ते. तिथं मी काही केलं नाही. पोचे काढले, आतून लाकडी गोळा धरून, बाहेरून हलक्या हातोडीनं. काठाची लाकडी कडी वाफेवर सरळ केली, हिरव्याखालचे काळे-पांढरे त्रिकोण जेवढे जिवंत होते तेवढे ठेवले, बाकीचे रंगवले नाहीत नव्यानं, खोटे दात लावल्यासारखे दिसतात. दोन्हीकडे वासराचं कातडं, रात्रभर भिजवलेलं. तागाची दोरी. दोरी ताणायचे चामड्याचे कान मी शिवले, हे टाके बघ — हात थरथरतो का माझा? नाही ना? आणि खाली मेंढीच्या आतड्याच्या ताती, नव्या. झुरबुखन म्हणायचा, वरचं कातडं कुठलंही गाढव ताणतं, ड्रम बोलतो तो खालून.

म्हणजे येत्या फासनाख्तला, मुखवट्यांच्या उत्सवात, तू हाच घेऊन चालणार. बापाच्या जागी. माझ्या शेजारी. तुला मंडळात घ्यायच्या सभेत तुझ्या विरोधात मी हात वर केला होता, तुझ्या कानावर आलंच असेल, या मंडळात बायका नसल्या तरी चुगल्या भरपूर. पण मला काय ठाऊक तुझ्यावर मतं घेतायत ते? मला वाटलं बिअर कुणाकुणाला हवी ते विचारतायत. हसू नकोस. तो सेक्रेटरी तोंडातल्या तोंडात बोलतो. सगळेच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

पण एक सांगतो, माझ्या शेजारी नको राहूस. मधल्या रांगेत चाल, डावीकडे. का म्हणजे? यंदा काय झालं बघितलंस ना पुलावर. तू होतीसच कठड्याला, सुतकामुळे साध्या कपड्यात. सोमवारी दुपारी, मधल्या पुलावर, कूच, म्हणजे चालीची धून, संपलं, पुढच्या म्होरक्यानं हातातला दंड उचलला, बासऱ्या थांबल्या, ड्रम थांबले, आणि एक येडा — लांब नाकाच्या मुखवट्यातला एक येडा — चाललाय आपला बडवत! सगळं मंडळ गुपचूप पाय ओढत चाललंय आणि हा एकटा, ढांगढांग ढांगढांग, पुलाच्या या टोकापासून पार त्या टोकापर्यंत, काय जोर, काय ऐट! लोकांनी कठडे बडवले हसून हसून. बुधवारपर्यंत गुत्त्यागुत्त्यात त्याचं गाणं — ते फळ्यावर चित्रं दाखवत गातात ते —

थांबला दंड, थांबल्या बासऱ्या, थांबलं सारं गाव,
एकटा ठोकतो पुलावरती — सांगा त्याचं नाव!

हसलो मी पण. पिठाचं सूप पुढ्यात, चमचा हातात, सगळे हसले तसा हसलो. जरा उशिरा हसलो एवढंच, फळ्यावरचं चित्र उलटल्यावर. नाव कुणालाच ठाऊक नाही, मुखवट्याखाली कोण ते विचारायचं नसतं, तो आपला धर्म आहे. येडं होतं कोणीतरी. घाम डोळ्यांत उतरलेला, आणि त्या मुखवट्याला भोकं ती केवढी, बटणाएवढी, बाजूचं काही दिसत नाही, फक्त पुढच्याची पाठ — पाठ हलतेय म्हणजे चाललंय, चाललंय म्हणजे वाजतंय, असंच वाटणार ना माणसाला? मग कठड्यावर एक पोरगं दिसलं, तोंड हे एवढं उघडं, बोट माझ्याकडं — आणि मागच्यानं काठी घातली पाठीत तेव्हा कुठं —

हं.

बघ, आता बोललो. तुझ्या बापाला मी सांगत होतो, मी म्हातारपणी बायकांसारखा बडबडेन म्हणून. मी होतो. झालं? तो येडा मी. मला ऐकू येत नाही, रेगुला. ओरडलीस तर घोगरं काहीतरी येतं, भिंतीपलीकडून आल्यासारखं. खिडकीपाशी काय उगाच बसवलं तुला? ओठ दिसतात तिथं. ड्रम वाजवून आणि वाजवून घेऊन गेले माझे कान, कुणाला दोष द्यायचा, धंदाच तो. आधी बासऱ्या गेल्या. मग चिमण्या. मग बायको म्हणाली, मुद्दाम करतोस, आणि मी म्हणालो, हो.

बापाला तुझ्या ठाऊक होतं. त्याला मी सांगितलं नाही, त्यानं मला विचारलं नाही. फक्त एका वर्षी कूच संपायच्या वेळी बरगडीत कोपर बसलं — टच् — इतकं. मला वाटलं चुकून. पुढच्या कूचला परत. मग मला ते कोपर ठाऊक झालं. कोपर आलं की थांबायचं. किती वर्षं चाललं हे? त्याला ड्रम वाजवता वाजवता ते कोपर मारायचं, हात न चुकवता, मुखवटा घालून — तू वाजवतेस ना, करून बघ एकदा. आणि गुत्त्यात बसल्यावर एक अक्षर नाही. मी पण नाही बोललो. एकदा तरी बोलायला हवं होतं. त्याच्या दफनाला पण मी बाकीच्यांच्या काठ्या बघून वाजवलं, सावकाश असतं ते, निभावलं. मग फासनाख्त आलं आणि उजव्या अंगाला कोणीच नाही. मी वाट बघत होतो गं. पुलावर. वाजवत होतो आणि कोपराची वाट बघत होतो.

आता असं तोंड करू नकोस. कान गेले, हात गेलेले नाहीत. ड्रम काय कानानं बनतो? बोटानं बनतो. हे बघ, या कातड्यावर मी चिमूटभर उत्सवातले कागदाचे कपटे टाकतो — एकाच रंगाचे, म्हणजे नवे, रस्त्यावरून झाडून आणलेले नाहीत — आणि वाजवतो. बघ कसे नाचतात! कडेपासून मध्यापर्यंत सारखे! एक कुठं मेलेला कोपरा आहे का? कान असलेल्यांना जमत नाही इतकं सारखं ताणायला. नदीच्या पलीकडच्या काठावरच्या त्या ड्रमवाल्या पोरानं करून दाखवावं. सरक. तुला वाजवून दाखवतो, मग बोल.

आं? काय आवाज आहे! गारा पडाव्यात पत्र्यावर, तशा, सुट्या सुट्या, कोरड्या — हा झुरबुखनचा आवाज, साठ वर्षं ओळखतो मी. सबंध रस्ता वळून बघेल. ऐकतेस ना? तिखट आहे की नाही? परत ऐक —

रडतेस काय? रड, रड. बापाची आठवण आली. येणारच. आजोबाचा ड्रम, बापाचा माळा — माझे पण डोळे — काय? हळू बोल, पुसू नकोस तोंड, ओठ दिसू दे. दफन? दफनाचं काय? त्या दिवशी वाजला तसा — कोण वाजला तसा? हा?

कसा वाजेल तसा? तिथं आम्ही काळं फडकं घालतो तातींखाली, मुद्दाम, आवाज मरावा म्हणून, मातीत लोटतात तेव्हा ड्रमनं खणखणायचं नसतं, म्हणून. इथं कुठलं —

दे इकडे. दे तो. उलटा कर.

तातींखाली हे फडकं — माझा सदरा आहे हा. जुना, निळा. फाडून घातला होता मी. दोरी ताणताना ओल्या कातड्यात ताती रुतू नयेत म्हणून मध्ये सरकवायचं असतं, आणि झालं की ओढून काढायचं. ओढून काढायचं. पहिल्याच दिवशी शिकवतात ते, झाडू मारणाऱ्या पोराला पण ठाऊक असतं — आणि विसरलं तरी पहिल्या ठोक्याला कळतं. कुणालाही. रस्त्यावरच्या माणसाला. मी या आठवड्यात रोज वाजवला हा. रोज. दार उघडं टाकून वाजवला, गल्लीला कळावं म्हणून. आणि आता तुला बसवून, तुझ्या बापाच्या दफनाचा ड्रम वाजवला तुझ्यापुढं, आणि म्हणालो, गारा.

नको. काही बोलू नकोस, मी बघत नाही तुझ्याकडं. घेऊन जा हा. त्या पलीकडच्या पोराकडे ने, त्याला ताती लावून घ्यायला सांग, चांगला आहे तो, मी त्याला नावं ठेवतो कारण — कारण तो चांगला आहे. त्याला म्हणावं दात बघ, चेपकी पाकळी बघ. मंडळाला मी सांगतो, पाठ धरली, आता चालवत नाही म्हणून. सगळ्यांची धरते.

काय करतेस? ठेव ते. ओढू नकोस तसं, एका बाजूनं ओढ, कातडं फाटेल — हां. निघालं. आता काठ्या कशाला? इथं नको वाजवूस, मला काय उपयोग — माझा हात सोड. कुठं ठेवू? कडीवर? बरं. ठेवला.

हं.

हं, हे — हे वेगळं आहे. बोटांना मुंग्या येतात. या ताती चालल्या. डावीकडची जरा सैल आहे, तिथं कमी येतंय, अर्धा फेरा दे त्या स्क्रूला. असो, असो, वाजव. पावलांच्या चालीचं कूच आहे हे, जुनं, तुझा बाप दुसऱ्या ओळीत नेहमी घाई — हो, तशीच घाई, अगदी तश्शी —

आई गं! बरगडी आहे ती!

...हे कुठून आलं? कूच संपलं म्हणून? कुणी शिकवलं तुला हे? इकडे बघ. बघ म्हणतो ना. त्यानं? कधी — दवाखान्यात? काय म्हणाला? "माझ्यानंतर कोपर" काय? परत सांग.

म्हणजे तुला ठाऊक होतं. घुम्या बेरड म्हातारा, मरता मरता तेवढं मात्र बोलला. आणि तू कठड्याला उभी होतीस, पुलावर, तुला ठाऊक होतं मुखवट्याखाली कोण ते. आणि मघापासून मी इथं सर्दी, आणि सेक्रेटरी तोंडातल्या तोंडात, आणि येडं कोणीतरी — आणि तू खिडकीपाशी बसून, ओठ नीट हलवत, हळूहळू बोलत — मी सांगायच्या आधीपासून हळू बोलतेस तू. आता कळतंय.

ऊठ. जा. नाही, रागावलो नाही, जा. पैसे नकोत, त्या निळ्या सदऱ्याची लाज तेवढी इथंच राहू दे. मंगळवारी सराव आहे, ये नाहीतर नको येऊस. उजवीकडची जागा रिकामी आहे. एवढंच म्हणतोय, रिकामी आहे.

जा आता. आणि दार जोरात आपट, चांगलं दणकून — जमिनीतून पायाला कळलं म्हणजे मला समजेल तू गेलीस ते.