दस्त्यावरचा लाल डाग

हसू नका, आधी ऐका. आयर्लंडमध्ये लिमरिकला मुलाकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. शेजारचा म्हातारा शॉन आरमारातल्या जुन्या बंदुका जमवायचा. त्याचे आजोबा इंग्रजांच्या आरमारात होते; त्यांची बंदूक मुंबईच्या गोदीतल्या बोटीवर होती, एवढं त्यानं शोधून काढलेलं. तिच्या लाकडी दस्त्यावरचा लाल डाग दाखवत म्हणाला, "किती पुसला, जात नाही. आजोबांनी तुमच्यापैकीच कोणाला मारलं असेल."

"डोळे फुटले का रे? इतक्या वर्षांचं रक्त काळं पडतं. हा शेंदूर आहे. खंडेनवमीला आमच्या खलाशांनी बोटीवरची सगळी शस्त्रं पुजली असणार."

त्यानं विचारलं, "म्हणजे आजोबांनी कोणाला मारलं नाही?"

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "ते मला ठाऊक नाही. पण हा डाग पूजेचा आहे. पुसणं थांबव."