सपाट झालेल्या चाळीस कविता

टक्, टक्, टक्. जाड कागदावर टोचणीने एकेक ठिपका उठवल्याचा हा आवाज सव्वीस वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या लायब्ररीतून येत असे. आदरणीय अध्यक्ष श्यामकांतजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती वृंदाबाई, आणि दिल्लीभरच्या, आर. के. पुरमपासून मयूर विहारपर्यंतच्या घरांतून बस-मेट्रो बदलत आलेल्या माझ्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपालबाईंविषयी बोलायची मला आज्ञा झाली आहे.

बाई आल्या तेव्हा आमच्या कपाटात काय होतं? सगळ्या गोष्टी एकाच प्रकारच्या घरांतल्या. सलमा मुजावरची ईद त्यांत नव्हती, पीटरचा नाताळ नव्हता. बाईंनी ती घरं आणली. मी पुस्तक समितीत होतो, म्हणालो, "बाई, मुलांना कविता द्या, जनगणना नको."

"सर, कविताच देतेय. फक्त सगळ्यांना."

हसा, हसा. तेव्हा मीही हसलो होतो.

मग सहावीत अलकनंदा आली. जन्मतः अंध, वडील सरकारी नोकरीत, लक्ष्मीबाई नगरला क्वार्टर. तिच्यासाठी बाईंनी चाळीस मराठी कविता ब्रेलमध्ये उतरवल्या. आठ महिने, रोज मधल्या सुट्टीत, हाताने.

आपल्याकडे उन्हाळ्यात पुस्तकं बांधणीला जातात, ते काम माझं. ते सुटे कागद पाहून मला वाटलं, एवढ्या मेहनतीला साजेसं रूप द्यावं. लाल कापड, सोनेरी अक्षरं. बाइंडरने नेहमीसारखा गठ्ठा दोन दिवस प्रेसखाली दाबून ठेवला.

जुलैत अलकनंदाने पुस्तक उघडलं. बोटं फिरवली. पान उलटलं, पुन्हा फिरवली. "सर, ये तो खाली है. यात काहीच नाही."

प्रेसच्या दाबाने सगळे ठिपके सपाट झाले होते. चौकशी झाली. बांधणीच्या चिठ्ठीवर लायब्ररीचा शिक्का, म्हणून ठपका बाईंवर. सेवापुस्तकात शेरा, बढती थांबली. बाईंनी माझं नाव घेतलं नाही. आणि मी? मी त्या दिवशी आठवीला वृत्तं शिकवली. अलकनंदा दिवाळीआधी दुसऱ्या शाळेत गेली, हिंदी माध्यमाच्या.

आज हे सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही. इतकी वर्षं झाली, तिथे आता काही लागतच नाही. पण बाई जाताहेत, आणि तो शेरा त्यांच्याबरोबर जाऊ नये. अध्यक्षमहाराज, ती चिठ्ठी मी लिहिली होती. तसं लेखी आणलंय, हे घ्या.

बाई, तुम्ही मान हलवताय. नको म्हणताय, की...?

असो. आपण शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घाला; करण्यात जे चुकलं, ते घालू नका.

दाराशी कोण आहे? या ना ताई, मुलीला सांभाळून आणा. बाळ, काठी जरा पुढे टेकव, तिथे पायरी आहे. काय म्हणालात? पुस्तक बदलायचंय? अहो, आज निरोप समारंभ... बाळ, दे ते माझ्याकडे. नको? मॅडमनाच देणार? बिल्कुल, बिल्कुल.

बाई, अहो बाई, हार घालायचा राहिलाय!

गेल्या. मंडळी, बसून राहा. लायब्ररी उघडली आहे.