कारणाचा रकाना

धनश्री : ...चौथा नियम मग असा. रेस चालू असताना शेळी, कुत्रं किंवा पाव्हणा, कुणीही ट्रॅकवर येणार नाही. कारण : दिवाळीच्या रेसमध्ये भागवतच्या शेळीनं विजयसिंहच्या रिमोटवरच्या गाडीची प्लॅस्टिकची टप चघळली. बरोबर?

बंकट : पुण्याहून मागवलेली टप! विजयसिंहाचं तोंड बघायचं होतं तवा.

आश्रुबा : शेळीला काय म्हाईत पुण्याची हाय म्हणून.

धनश्री : हसवू नका काका, टायपिंग चुकतं माझं. आधीच रविवारी सेंटर उघडं दिसलं की लोकांना वाटतं आधारचं काम चालू आहे. सकाळपासून दोघांना परत पाठवलं. आज नियम पक्के करायचे, आपण तिघांनी खाली सह्या करायच्या आणि संध्याकाळी कागद ट्रॅकच्या खांबावर. अकराही जणांना सांगून ठेवलंय मी.

बंकट : व्हय. अन् कारण लिहायचंच हां प्रत्येकाच्या म्होरं. नावासकट. वडवणीच्या माणसाला नुसता नियम सांगितला की त्याचा पहिला सवाल, कावून? मंग बाजूलाच उत्तर तयार. माझीच आयडिया हाय ही.

धनश्री : तुमचीच, बंकटमामा. म्हणून तर वेगळा रकाना आखलाय. पाचवा. चालवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहून रिमोट चालवतील, रेस संपेपर्यंत खाली उतरणार नाहीत. गाडी उलटली तर त्या कोपऱ्यावर उभा असलेला मार्शल ती सरळ करून देईल. कारण : गाडी उलटल्यावर त्रिंबकनं ट्रॉलीवरून उडी मारली...

आश्रुबा : अन् स्वतःच्याच गाडीवर पडला.

बंकट : लिही, लिही. मेव्हण्यासमोर झालं होतं त्याचं.

धनश्री : सहावा. तिसऱ्या कोपऱ्यावरच्या उंचवट्याला सगळ्यांनी वेग कमी करावा. कारण : शहादेवची गाडी तिथून उडून बाभळीत अडकली.

आश्रुबा : ह्यो न्हाई जमायचा.

धनश्री : का? बाकीचे दहाही जण कमी करतात काका. तुम्ही एकटेच बटण दाबून धरता.

आश्रुबा : बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई. माझ्या रेसला तिथं बंकट उभा असतो. चार वर्सं झाली, आमी दोघं एका रेसमधी कधी उतरलोच न्हाई. त्याच्या रेसला मी कोपऱ्यावर, माझ्या रेसला त्यो. गाडी उडाली, पडली, तरी दोन सेकंदात सरळ. मंग कशाला आवरू मी?

बंकट : बरं, वाद नको. धनश्री, 'शक्यतो' घाल. शक्यतो वेग कमी करावा. आता म्होरं चल.

धनश्री : शक्यतो... घातलं. सातवा. चकरा मोजायला मोबाइल स्टँडवर लावून पूर्ण रेसचा व्हिडिओ घ्यावा. कारण : सोमेश्वर म्हणतो त्याच्या दहा चकरा झाल्या, आम्ही मोजल्या आठ.

बंकट : ते व्हिडिओ तू ठेवती का गं? का चकरा मोजल्या की डिलीट?

धनश्री : ठेवते.

बंकट : डिलीट करत जा. उगा मेमरी भरती.

आश्रुबा : आता आठवा माझा. ह्ये बघा, पिशवीत काय हाय. आधी वळखा.

धनश्री : जाळ्या? किती छान कापल्यात. कशाच्या?

आश्रुबा : बबिताच्या चाळणीच्या. दोन चाळण्या गेल्या, घरात दोन दिवस बोलली न्हाई ती. ह्यी अशी चाकाच्या म्होरून बसवायची, दोन स्क्रू. काटकी, गवत, काय बी आत जात न्हाई. अकरा केल्यात. प्रत्येकाच्या गाडीचं माप येगळं, म्हणून टाइम गेला. ह्यी तुझी, बंकट. तुझ्या गाडीला पुढचं चाक जरा बाहेर हाय, तसा वाक दिलाय बघ.

बंकट : कशाला केलं बे एवढं.

आश्रुबा : मागल्या रविवारी माझी रेस त्या काटकीपायी गेली ना. सहा सेकंदानं. आज माझी गेली, उद्या तुझी जाईल. त्यापरीस नियमच करून टाकू. लिही धनश्री. आठवा. प्रत्येक गाडीच्या चाकाला जाळी असल्याबिगर गाडी उतरवायची न्हाई. कारण : तिसऱ्या कोपऱ्यावर आश्रुबाच्या चाकात काटकी अडकली, ती काढायला बंकटला टाइम लागला.

बंकट : राहू दे आश्र्या. जाळीचा नियम कशाला. ज्याला पायजे त्यो लावंल.

आश्रुबा : आरं, फुकट देतोय मी. स्क्रू बी देतो.

बंकट : तसं न्हाई बे. गाडीचं वजन वाढतं.

आश्रुबा : आठ ग्रॅम. सोनाराकडं जाऊन तोलून आणलंय. लिही गं माय.

धनश्री : जाळी असल्याशिवाय गाडी उतरवायची नाही. कारण...

आश्रुबा : काय झालं? लाइट गेली का?

धनश्री : नियम लिहिला काका. कारण लिहिता येत नाही.

आश्रुबा : कावून?

धनश्री : बंकटमामा, तुम्ही सांगताय का?

बंकट : काय सांगू? तू तुझं टाइप कर. कारण मोकळं ठेव. एखाद्याला नसलं कारण तर काय बिघडतं?

धनश्री : मामा, अहो खांबावर लागणार आहे हे. खाली माझी सही असणार. खोटं कसं लिहू?

आश्रुबा : खोटं? काय खोटं हाय त्यात? काटकी व्हती चाकात. बंकटनं काढली. त्यानंच सांगितलं मला.

धनश्री : काका, माझ्याकडे व्हिडिओ आहे. चकरा मोजायला परत लावला तेव्हा दिसलं. मला वाटलं मामा स्वतः सांगतील तुम्हाला. आठ दिवस वाट बघितली मी.

बंकट : धनश्री, तू मधी पडू नको. आश्र्या, चल, बाहेर च्या घेऊ. तिथं बोलतो.

आश्रुबा : च्या नंतर. दाव गं.

[धनश्री मोबाइल आश्रुबाच्या हातात देते.]

आश्रुबा : ह्यी माझी गाडी... ह्यी उडाली... पडली. लई लांब न्हाई, तुझ्यापसून तीन पावलं. ह्यो तू. बघतोय गाडीकडं. एक. दोन. तीन. आता उचलशील. चार. पाच. ट्रॉलीकडं बघितलं तू. माझ्याकडं. सहा. सात. खिशात हात घातला? आठ. ह्यी विजयसिंहाची गाडी गेली म्होरं. नऊ. दहा. अकरा. आता वाकला. सरळ केली अन् सोडली. चाकाला हात लावलाच न्हाईस की बंकट.

बंकट : ऐक माझं.

आश्रुबा : काटकी कुठं हाय?

बंकट : ऐक तर.

आश्रुबा : काटकी कुठं हाय बंकट? मी त्या काटकीपायी सगळी गाडी उकलली. चारी चाकं खाली काढली. बेअरिंग रॉकेलनं धुतले. कुठून आत शिरली असंल म्हणून चार दिवस उन्हात बसून जागा हुडकत व्हतो. फवारणी पंपाची आलेली कामं तशीच पडू दिली. अन् काटकी व्हतीच कुठं?

बंकट : नव्हती.

आश्रुबा : नव्हती.

बंकट : रामहरीराव बसले होते ना तिथं खुर्ची टाकून. रान कुणाचं हाय? त्यांचं. पोराच्या, विजयसिंहाच्या हौसेपायी दिलंय त्यांनी, आपलं थोबाड बघून न्हाई. सकाळी मला म्हणले, पोराचं मन रमतंय तवर रान तुमचं. आता त्या पोरानं चार वर्सांत एक रेस जिंकली न्हाई. पुन्हा बापासमोर हरलं असतं अन् म्हणलं असतं, बास झाला खेळ, तर? दुसऱ्या दिवशी नांगर. अकरा जणांचा क्लब गेला असता. मी क्लबसाठी केलं बे. माझ्या खिशात काय पडलं का?

आश्रुबा : रामहरीराव म्हणले व्हते का तुला, आश्रुबाला पाड म्हणून?

बंकट : असं तोंडानं म्हणतं का कुणी? समजून घ्यावं लागतं.

आश्रुबा : मंग मला का न्हाई समजून सांगितलं?

बंकट : तू ऐकलं असतं?

आश्रुबा : ऐकलं असतं! त्या उंचवट्याला मीच गाडी आवरली असती. दोन चकरा हळू मारल्या असत्या. कुणाला कळलं बी नसतं. विजयसिंहाला टाळ्या मीच वाजविल्या असत्या सगळ्यात आधी. तू नुसतं म्हणायचं व्हतं, आश्र्या, आजची रेस सोड. तुला मी कोणच्या गोष्टीला न्हाई म्हणलोय आजवर? तुझी ती गाडी कुणी बनवली? मोबाइलचं दुकान टाकलं तवा फर्निचर कुणी ठोकलं?

बंकट : व्हय, तूच.

आश्रुबा : मागितलं असतं तर दिलं असतं रे. तू चोरून घेतलं.

धनश्री : काका, पाणी घ्या.

आश्रुबा : नको. बबिता पहिल्यांदा आलती रेस बघायला, म्हाईत हाय तुला? चार वर्सं मला हसती. म्हणती पोरांचं खेळणं घिऊन कुठं चाललाव. त्या दिवशी म्हणली, येते बाई, बघते तरी. अन् मी ट्रॉलीवर उभा राहून वरडतोय, बंकट उचल, बंकट उचल. रिमोट हातात, खाली उतरायची सोय न्हाई. घरी जाताना ती म्हणली, अहो, तुमी एवढे वरडत व्हता, त्या भावजींना ऐकू आलं न्हाई का?

बंकट : मंग?

आश्रुबा : मी तिलाच डाफरलो. म्हणलं, चाकात काटकी व्हती, त्यो काढत व्हता बिचारा, तुला काय कळतंय त्यातलं. आता आज घरी जाऊन काय सांगू तिला? दोन चाळण्या कशापायी फाडल्या?

बंकट : चुकलं माझं.

आश्रुबा : रेस गेल्याचं मला काय बी न्हाई. बिलकुल न्हाई. पण तू रेसनंतर माझ्या गाडीजवळ बसला, चाकावर फुंकर मारली अन् म्हणला, काटकी होती बे, सुटतच नव्हती. ते कसं जमलं तुला?

बंकट : तू विचारलं, काय झालं म्हणून. तोंडाला आलं ते बोललो. मंग मागं फिरता येईना. रोज म्हणलं सांगू. तू जाळ्या करतोय हे मला खरंच म्हाईत नव्हतं.

आश्रुबा : अन् धनश्री, तुलाबी म्हाईत व्हतं. आठ दिवस. परवा आलेलं बेअरिंगचं पार्सल मी तुझ्याच नावावर मागवलं व्हतं.

धनश्री : चुकलं काका. तुमच्या दोघांत मी कशी बोलू, असं वाटलं. पण बोलायला पाहिजे होतं. पार्सल तुमच्या हातात देताना मला कसंतरीच झालं.

आश्रुबा : बरं. आठवा खोडून टाक. जाळीचा.

धनश्री : मग आठवा कोणता?

आश्रुबा : आठवा असा. मार्शलनं आपल्याजवळची पडलेली गाडी लगेच उचलायची. कुणाची बी असो. ट्रॉलीकडं बघायचं न्हाई, खुर्चीकडं बघायचं न्हाई.

धनश्री : 'कुणाचीही असो'... लिहिलं. कारण?

आश्रुबा : ते मी न्हाई सांगणार. रकाना ज्याचा हाय त्यो सांगंल.

बंकट : आश्र्या, खांबावर लागणार हाय. विजयसिंह वाचंल. पोराची जिंकलेली रेस हाय ती. रामहरीराव वाचतील.

आश्रुबा : भागवतच्या शेळीचं नाव आलं, त्रिंबकाचं आलं मेव्हण्यासकट. सोमेश्वरला तर तू खोटारडाच ठरवला. तवा हसत व्हतास की.

बंकट : रान जाईल बे.

आश्रुबा : जाऊ दे. दुसरं हुडकू. मुरमाचा एक एकर कुठं बी भेटतो.

धनश्री : मामा, तुम्ही सांगाल तेवढंच लिहीन मी. एक शब्द जास्त नाही.

बंकट : ...लिही. कारण : तिसऱ्या कोपऱ्यावर आश्रुबाची गाडी पडली. बंकटनं बघितली. अन् उचलली न्हाई.

धनश्री : किती सेकंद, ते लिहू?

बंकट : लिही. अकरा. अन् काटकी नव्हती, ते बी लिही.

धनश्री : लिहिलं. प्रिंट काढते. सही इथं, मामा. काका, तुमची खाली.

आश्रुबा : हं. झाली. ह्या जाळ्या हितंच ठेव धनश्री. ज्याला पायजे त्यानं न्यावी.

बंकट : माझी मी लावतो. आजच लावतो. आश्र्या... म्होरल्या रविवारी पहिली रेस तुझी हाय. येशील ना?

आश्रुबा : येईन की. गाडी मी माझ्या हातानं बनवलीय, कावून नको येऊ?

बंकट : तिसऱ्या कोपऱ्यावर मीच उभा राहतो. हलणार न्हाई तिथून. आईची आण.

आश्रुबा : राहा ना. तुला कोण नको म्हणतंय.

बंकट : मंग झालं तर. झालं ना?

आश्रुबा : झालं. धनश्री, कागद खांबावर लावायच्या आधी एवढं एक कर माय. त्या सहाव्या नियमातलं 'शक्यतो' काढून टाक. मी बी आता तिथं हळूच घेत जाईन.