कात्झांचं कूळ

गुटले : ओरडू नकोस सालोमन, खाली गल्लीत ऐकू जातंय.

सालोमन : जाऊ दे! साऱ्या हानाऊ गावाला कळू दे. ताई, माझा मुलगा मायर घटस्फोट झालेल्या बाईशी लग्न करणार? अगं, आपण कात्झ. कात्झ म्हणजे ‘कोहेन त्सेदेक’, आपल्या ज्यूंमधले अस्सल पुरोहित! पुरोहिताच्या कुळात घटस्फोटिता चालत नाही. ती फ्रोमेट सोन्याची असली तरी नाही.

गुटले : आणि कोपऱ्यावरचा बेकर कात्झ? दर रविवारी चर्चला जातो, डुकराचं मांस मिटक्या मारत खातो. तोही पुरोहितच का?

सालोमन : तो मांजरवाला कात्झ! जर्मनांत कात्झ म्हणजे मांजर. आपलं वेगळं.

गुटले : बरं बाबा. मी काल फ्रांकफुर्टला जाऊन आले, आजोबांच्या कबरीवर. घरात लग्न निघालं की गेलेल्यांनाही बोलवायचं असतं ना.

सालोमन : इथे मी अजून मान हलवली नाही, आणि तू मेलेल्यांना आमंत्रण देऊन आलीस!

गुटले : ऐक तरी. पुरोहिताच्या कबरीवर काय कोरतात?

सालोमन : आशीर्वाद देणारे दोन हात. शेंबडं पोरही सांगेल.

गुटले : वेली उपटल्या, शेवाळ खरवडलं. हात नाहीत रे. मांजर आहे. शेपटी वर करून बसलंय, मिशांसकट.

सालोमन : दुसऱ्या कुणाची कबर असेल!

गुटले : नाव वाचता येतं मला. तिथे आपल्या लोकांच्या गल्लीत घरांना आकडे नव्हते, पाट्या होत्या. कुणाच्या दारावर अस्वल, कुणाच्या कढई. तीच खूण कबरीवर. आजोबांच्या दारावर मांजर होतं, म्हणून ते कात्झ, झालं.

सालोमन : मग बाबा?

गुटले : बाबा पोरके होऊन इथे आले तेव्हा तीन वर्षांचे. कुणीतरी नाव ऐकलं आणि म्हणालं, कात्झ? म्हणजे पुरोहितच की! ते चिकटलं ते चिकटलंच. आणि पुरोहिताला दफनभूमीत पाऊल टाकायला बंदी. आपल्या घरचा एकही पुरुष आजोबांकडे फिरकला नाही. बघणार कोण?

सालोमन : अगं, सणावारी बूट काढून, हात पसरून मी अख्ख्या गावाला आशीर्वाद दिले गं!

गुटले : गावाचं काही वाईट झालं नाही.

सालोमन : हसतेस काय? लोक म्हणतील, बोक्याने आशीर्वाद दिले.

गुटले : चार दिवस म्याव म्याव करतील आणि गप्प बसतील. तिकडे मायरने जेवण सोडलंय. मान मोठा की पोर मोठं?

सालोमन : …पोरच. रब्बींना मीच सांगतो जाऊन. आणि मायरला म्हणावं, आण तुझ्या फ्रोमेटला घरी.

गुटले : शहाणा माझा भाऊ. अरे, आता रडतोस कशाला? मान गेला म्हणून?

सालोमन : मान गेला खड्ड्यात. ताई, मायरची आई गेल्यापासून मी दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभा राहून तिच्याशी बोलतो. आता मला आत जाता येईल ना गं?