सुधीरची यंत्रपूजा

लॉकडाउनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या जिंदाबाइन गावच्या माझ्या मित्राने, सुधीरने, एका सकाळी मला व्हिडिओ कॉल लावला, तो किस्सा ऐका. अंगणात बर्फ साचला होता, त्याची पत्नी वीणा नर्स, तिला रुग्णालयात पोहोचायचे होते आणि बर्फ उडवणारे यंत्र सुरू होईना.

"प्लग नवा, पेट्रोल ताजे. मग अडते कुठे?"

"पेट्रोलची नळी काढून बघ."

नळी झटकताच कुंकू लागलेला तांदळाचा दाणा पडला.

"टाकीत तांदूळ कसा?" मी विचारले.

वीणा कडाडली, "अरे, गेल्या दसऱ्याला टाकी रिकामी करून उघडी ठेवलीस आणि तशीच पूजा केलीस!"

"अक्षता श्रद्धेने वाहिल्या गं."

टाकी धुतली, यंत्र धडधडले, वीणा शिफ्टला गेली. आता त्यांच्या यंत्रपूजेचा पहिला विधी झाकण लावण्याचा असतो. मला तो शास्त्रशुद्ध वाटतो.