राउटरला लावलेला गजर

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको साहेब, तिचं चाक निखळलंय, ही घ्या. हां, तर आमचा विभाग ठेवायचा की काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं हे ठरवायला तुम्ही आलात, आणि नेमके आज आलात — ह्याला म्हणतात नशीब. आज मी भलतीच खुशीत आहे. झालं काय, सकाळी आपल्या लॅबच्या शाखांचे रस्ते — म्हणजे कुठले रिपोर्ट कुठल्या लाइनने यायचे ते — नव्या लाइनवर वळवत होते, तर ज्यातून हे सगळं करतो ते सॉफ्टवेअरच उघडेना. ‘सर्व्हर सापडत नाही.’ काढून टाकलं, परत टाकलं — तेच. कॉम्प्युटर बदलला — तेच. मग त्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्रातल्या बाईंना असं फैलावर घेतलं म्हणता, विचारू नका. आणि सॉफ्टवेअर होतं ठणठणीत. रस्ते वळवता वळवता मीच आपल्या ह्या खोलीचा रस्ता तोडला होता, दुसरं काय — बसल्या फांदीवर कुऱ्हाड. त्या बाईंना अजून सांगितलेलं नाही हं. तुम्हाला का सांगतेय देव जाणे. सासूबाई म्हणतात ते खोटं नाही, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग सुटले कशी? तेच तर सांगायचंय. आमची एक रीत असते — रस्त्यांना हात लावण्याआधी राउटरला गजर लावून ठेवायचा, की बाबा, थोड्या वेळाने तू आपणहून बंद होऊन चालू हो. म्हणजे सेव्ह न केलेलं पुसलं जातं, जुनं परत येतं, आणि आपण अडकलो असलो तर सुटतो. तस्सं झालं. मग पुन्हा गजर लावून पुन्हा सगळे रस्ते वळवले, आणि ह्या खेपेला बरोबर — बघा ना पडद्यावर, सगळ्या शाखा हिरव्यागार. मी खुर्चीसकट गिरकी मारली हो, ह्या वयात. नवऱ्याला फोन केला, त्याला वाटलं मला बढती मिळाली. आता चाललंय म्हटल्यावर काय करायचं — सेव्ह करायचं आणि गजर काढायचा, सोपं आहे, नाहीतर भर कामाच्या वेळी तो — मी सेव्ह करणारच होते, तेवढ्यात तुम्ही दारात, मग मी उठले, मग ती खुर्ची —

साहेब, तुमची बॅग कीबोर्डवर आहे. उचला. उचला ना.

झाला गजर. गेल्या शाखा. सगळ्या लाल.

नाही, बाहेरच्या कंपनीला फोन लावू नका, ते विचारतील काय झालं, आणि ते मलाच सांगावं लागेल. तुम्ही बाहेर बसा. दार ओढून घ्या.